गिरणीच्या डब्यांतली साठ किलो चिल्लर : कुठली नाणी कुठं खपली त्याचं पूर्ण प्रकरण

आमच्या भागातल्या एका पिठाच्या गिरणीची ही केस आहे. गाव बेळगाव-खानापूर रस्त्याच्या बाजूचं, गावाचं नाव देत नाही, गिरणी चालवणाऱ्या काकूंचंही देत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितेय. मी बचत गटाचा हिशोब बघते त्यामुळं हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्यासमोर झालं. आणि एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे डबे भरून नाणी घरात असलेली माणसं आपल्याकडं ढीगभर आहेत, गिरणीवाले, चहाच्या टपरीवाले, देवळाबाहेर ओटी-नारळ विकणाऱ्या बायका, आणि यातल्या बहुतेकांनी मनात धरलंय की हे पैसे आता अडकले, कोण घेणार.

झालं असं की ऐन पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन गिरणीची मोटर जळाली. दहा हॉर्सपॉवरची, जुनी, आधीही रिवाइंडिंग केलेली, आता परत केली तरी किती दिवस टिकेल सांगता येत नाही असं मिस्त्रीनं स्पष्ट सांगितलं. नवीन मोटर स्टार्टरसकट चाळीस हजाराच्या पुढं. काकूंच्या खात्यात तेवढे नव्हते, पण घरात माळ्यावर गोडेतेलाचे पत्र्याचे डबे होते आणि त्यात कित्येक वर्षांची दळणाची चिल्लर. मालक वारल्यापासून त्या रोजच्या नोटा खर्चाला काढायच्या आणि नाणी डब्यात टाकायच्या, अडीअडचणीला असू देत म्हणून.

पण एवढी साठली का हेही बघायला पाहिजे, कारण नुसती बचतीची सवय एवढंच ते नाहीये. दळणाचे पैसे सुटेच येतात, पाच, सात, बारा, अठरा असे. पूर्वी काकू आठवड्याला बेळगावला बाजाराला जायच्या तेव्हा पिशवीभर नाणी बसच्या तिकिटात, भाजीत जिरायची. मग ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, शक्ती योजना, चांगलीच आहे ती, पण तिकिटाला लागणारी चिल्लर घरीच राहायला लागली. त्याच्या आधीपासून बाजारात क्यूआर कोड आलेले, भाजीवालीपण फोन पुढं करते. आणि तिसरं म्हणजे दहाचं नाणं. आमच्याकडं कितीतरी दुकानदार ते घेतच नाहीत, बंद झालंय म्हणतात, पण गिरणीत आलेल्या पोराला काकू परत कशा पाठवणार, तर त्यांनी घेतली सगळी आणि ती त्यांच्याकडंच राहिली.

या दहाच्या नाण्याबद्दल एकदाचं सांगून टाकते. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला पत्रक काढून सांगितलंय की तोपर्यंत दहाची नाणी १४ डिझाइनमध्ये निघालीत आणि ती सगळीच्या सगळी चालतात. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, रुपयाचं चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलं खोटं, हे जे बाजारात फिरतं त्याला काडीचाही आधार नाही. चिन्ह नाण्यांवर २०११ ला आलं, त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं? त्यासाठी १४४४० हा टोल फ्री नंबरही काढला होता, मिस कॉल दिला की परत फोन येऊन माहिती सांगायचा. एवढं होऊनसुद्धा अफवा जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात नुकसान होतं ते काकूंसारख्यांचंच, ज्या कुणाला नाही म्हणत नाहीत.

आता पहिला प्रयत्न. काकूंनी मोटरच्या दुकानदारालाच विचारलं की निम्मे पैसे चिल्लरीत घेता का. तो नाही म्हणाला, आणि कायद्यानं त्याचं बरोबर होतं. २०११ च्या नाणे कायद्यात लिहिलंय की एक रुपया आणि त्यावरची नाणी एका देण्यात १००० रुपयांपर्यंतच द्यायला कायदेशीर चलन आहेत, आणि आठ आणे फक्त १० रुपयांपर्यंत. म्हणजे हजाराच्या वर चिल्लर दिली तर समोरचा नाही म्हणू शकतो. घोळ असा होतो की ही हजाराची मर्यादा बँकेत भरायलाही आहे असं लोक समजतात, कधीकधी काउंटरवरचा माणूसही तसंच सांगतो. तसं नाहीये. ती मर्यादा कुणाचं तरी देणं फेडताना. आपल्या खात्यात नाणी भरायला रिझर्व्ह बँकेनं अशी कुठली वरची मर्यादा घातलेली नाही, बँका ग्राहकाकडून कितीही नाणी घेऊ शकतात असं तिनंच सांगितलंय.

दुसरा प्रयत्न बँक. खातं असलेली शाखा, नाव घेत नाही. काकू आणि त्यांचा पुतण्या एक डबा तसाच स्कूटरवर घालून घेऊन गेले, सगळी नाणी मिसळलेली, आणि वेळ दुपारची, पगाराचा आठवडा, पेन्शनवाल्यांची लाईन दारापर्यंत. कॅशियरनं डब्यात डोकावून बघितलं आणि मोजायला माणूस नाही, मशीन नाही, नंतर या म्हणून सांगितलं. नंतर म्हणजे कधी ते सांगितलं नाही. काकू घरी येऊन मला म्हणाल्या, "आपल्याच पैशाला कोण हात लावंना बघ गं." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. पैसा भिकेचा नव्हता, रोज पहाटेपासून पट्ट्याच्या आवाजात उभं राहून मिळवलेला होता.

त्या आठवड्यात बाकीचे रस्तेही समोर आले, आणि ते कसले होते तेही लिहिते म्हणजे दुसरं कोण त्यात पडणार नाही. एक जण शंभराला नव्वद देतो म्हणाला, चिल्लर त्यानं न्यायची. कुणी सुचवलं की भंगारात वजनावर विका, धातूचे पैसे येतात. हे तर अजिबात करायचं नाही, नाणी वितळवणं, मोडणं हा त्याच नाणे कायद्याखाली गुन्हा आहे. आणि पुतण्याच्या मोबाईलवर आलेलं की जुनी नाणी लाखाला विकत घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. ही सरळ फसवणूक. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या खरेदी-विक्रीत नाही, आमच्या नावानं कुणी कमिशन किंवा टॅक्स मागितला तर देऊ नका. पुतण्याला ते पत्रक मी दाखवलं तेव्हा त्यानं तो नंबर ब्लॉक केला.

मग आम्ही ठरवलं की आधी मोजायचं. किती आहे हेच माहीत नसताना कुणाशी काय बोलणार.

डबे गिरणीतच उघडले. नाण्यांवर पीठ बसलेलं आणि पावसाच्या दमट हवेनं त्याचा लगदा होऊन वाळलेला, पाचाची पिवळी नाणी तर एकमेकांना चिकटून चळतच्या चळत वर येत होती. काकूंनी रव्याची मोठी चाळण काढली आणि ओंजळ-ओंजळ नाणी त्यात हलवायला घेतली, सुटं पीठ खाली आणि नाणी वर. चिकटलेली तेवढी साबणाच्या पाण्यात टाकून पोत्यावर वाळत घातली. लिंबू-चिंच लावून घासायला एक जण निघाली होती, तिला थांबवलं, चकाचक करायची गरज नसते, कोरडी आणि ओळखता येतील अशी असली की पुरे.

गटातल्या चौघी-पाचजणी बसल्या आणि वेगवेगळी केली. मोजायला पुतण्यानं एक चांगली गोष्ट केली, पाण्याचा प्लास्टिक पाईप उभा चिरून त्याचं पन्हळ केलं, त्यात एकदा हातानं ५० नाणी मोजून लावली आणि पेनानं खूण केली. पुढं नुसतं खुणेपर्यंत भरायचं. प्रत्येक किमतीला आणि प्रत्येक जाडीला वेगळी खूण लागते हे लक्षात ठेवा.

वजनानं मोजायचं का, तर हो आणि नाही. रिझर्व्ह बँकेच्याच सूचनेत आहे की बँकांनी एक आणि दोनची नाणी शक्यतो वजनानं घ्यावीत. कागदावर सोपं वाटतं. पण एक रुपयाचं नाणंच तीन तऱ्हेचं सापडतं आपल्या डब्यात, १९९२ पासूनचं मोठं स्टीलचं ४.८५ ग्रॅमचं, २०११ नंतरचं ३.७९ चं, आणि २०१९ च्या मालिकेतलं सगळ्यात बारकं ३.०९ चं. म्हणजे शंभर रुपयांची पिशवी ४८५ ग्रॅम भरेल, नाहीतर ३७९, नाहीतर ३०९. मिसळलं की वजनाला काही अर्थ उरत नाही. म्हणून एक रुपयाचे आधी आकाराप्रमाणं तीन ढीग केले, मगच काट्यावर ठेवलं. पाचाचंही तसंच, जुनं जाड ९ ग्रॅमचं, मधलं ६ चं आणि २०१९ चं ६.७४ चं. दहाचं त्या मानानं गुणी, जुनं ७.७१ आणि नवीन ७.७४, शंभराची पिशवी पाऊण किलोच्या थोडी वर, ७७० च्या आसपास. गिरणीचा इलेक्ट्रॉनिक काटा ५ ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो, दहाचं एक नाणं कमी असलं तर त्यावर कळतं, एक रुपयाचं कमी असलं तर कळेलच असं नाही. तेव्हा एक-दोनला पाईप, पाच-दहाला पाईप आणि वर काट्याची खात्री, असं केलं.

हिशोब निघाला तो असा : एकची ४३०० नाणी, दोनची ३२५०, पाचाची २६४०, दहाची ११८०, वीसची ४५ आणि आठ आण्यांची ६२. सगळे मिळून ३६,७३१ रुपये, आणि वजन साठ किलोच्या जवळपास. शिवाय मूठभर चार आणे निघाले. ते ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, बँकेत बदलून द्यायची मुदतही त्याच वेळी संपली, तर ते बाजूला. दोन नाणी कुणीतरी भोक पाडून गळ्यात घातलेली होती, तीपण बाजूला, मुद्दाम मोडलेलं नाणं चलन धरत नाहीत. आठ आणे मात्र आजही चालतात, दुकानदार काही म्हणो.

एवढं हातात आल्यावर मला जे दिसलं ते हे, की प्रत्येक नाण्याचं गिऱ्हाईक वेगळं आहे. दहाचं नाणं बाजारात कोण घेत नाही, त्याला बँकच पाहिजे. उलट एक, दोन आणि पाच बँकेला नको असतात, जागा खातात आणि रक्कम चिमूटभर, पण बाजारात त्याचीच टंचाई, दोन रुपयांच्या बदल्यात चॉकलेट हातात ठेवणारं दुकान गावोगाव आहे. म्हणजे सगळे डबे उचलून एका काउंटरवर ओतायचे यातच गडबड आहे. ही वाटणी केली आणि पुढचं काम हलकं झालं.

बँकेसाठी दहाची सगळी, वीसची, आठ आणे आणि पाचाची दोन हजार नाणी ठेवली. शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या केल्या, वर चिठ्ठी, किंमत आणि नग. हे आमच्या डोक्यातलं नाही, रिझर्व्ह बँकेच्या सूचनेतच आहे की शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या कॅशियरला आणि ग्राहकाला दोघांना सोयीच्या, आणि अशा पिशव्या बँकेनं काउंटरवर ठेवाव्यात. ठेवलेल्या मी तरी कुठं बघितल्या नाहीत, आपणच किराणाच्या होलसेल दुकानातून आणायच्या.

मग शाखेत नाणी न घेता नुसतंच गेलो, सकाळी उघडल्या-उघडल्या, मॅनेजरना भेटलो. अर्ज कन्नडमधून लिहून घेतला होता, गटातल्या एकीच्या मुलीनं लिहिला, कारण तिथला स्टाफ पटकन वाचेल आणि कुणाला काही सबब राहू नये. अर्जात एवढंच की खातेदाराकडं अमुक नग, अमुक रक्कम, पिशव्या करून तयार आहेत, कुठल्या दिवशी आणि एका वेळी किती आणू ते सांगावं. खाली एक ओळ, की १५ फेब्रुवारी २०१८ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणं सर्व शाखांनी सर्व किमतीची नाणी स्वीकारायची आहेत. ती ओळ तोंडानं म्हणून दाखवायची वेळ आली नाही. मॅनेजर वाचूनच म्हणाले, "महिन्याच्या मधल्या आठवड्यात आणा, दुपारी तीननंतर, एका वेळी वीस पिशव्या."

माझं मत असं आहे की नियम आपल्या बाजूचा असला तरी तो खिशात ठेवून आधी सोय विचारावी. कॅशियरनं नंतर स्वतःच सांगितलं की त्याची अडचण काय असते, संध्याकाळी कॅश जुळली नाही तर फरक त्याच्या अंगावर, आणि घेतलेली चिल्लर स्ट्राँगरूममध्ये पडून राहते कारण काउंटरवर कोण मागत नाही. त्या परिपत्रकात साठवणीचीही सोय सांगितली आहे, शाखेनं जास्तीची नाणी करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीनं नोटा-नाणी साठवणाऱ्या ठरलेल्या शाखेला, पाठवावीत, पण ते पत्रव्यवहाराचं काम, करायला कुणाला सवड नाही. त्याचं हे सगळं मला पटलं. तरीपण म्हातारीला तारीख न देता परत पाठवणं हे काही त्यातून पटत नाही.

त्यानं पहिल्या खेपेला दोन-तीन पिशव्या कुठल्याही उचलून फोडून मोजल्या, बरोबर निघाल्या, मग बाकीच्या वजनावर घेतल्या. स्लिपवर प्रत्येक किमतीचे नग लिहिले, सही-शिक्क्याची प्रत घेतली. हे फार महत्त्वाचं आहे, पिशव्या ठेवून या आणि पावती उद्या न्या असं कोण म्हणालं तर ऐकायचं नाही. चार्ज लागला नाही, पण काही बँका ठराविक नगांच्या वर नाणी मोजायचे पैसे लावतात, प्रत्येक बँकेचं दरपत्रक वेगळं असतं, तेव्हा आधी विचारून घ्या. रोख मोठी असली तर पॅन लागतो, काकूंचा प्रश्न आला नाही. कॅश डिपॉझिट मशीनमध्ये नाणी जात नाहीत, तो नाद सोडा. असं हप्त्याहप्त्यानं बँकेत २२,७३१ रुपये जमा झाले.

उरले १४,०००, एक, दोन आणि पाचाचे. यातले साडेचार हजार पिग्मीनं गेले. आपल्याकडं पिग्मी घराघरात माहीत आहे, तिची सुरुवातच कर्नाटकातली, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं दारोदार माणूस पाठवून रोज दोन आणे गोळा करायला सुरू केलं, ती बँक आता कॅनरा बँकेत विलीन झाली पण पद्धत सोसायट्यांनी चालू ठेवली. काकूंचे पिग्मीवाले मामा रोज येतातच, त्यांना म्हटलं की महिनाभर रोज दीडशेची चिल्लर घ्या. त्यांनी आनंदानं घेतली, कारण पुढच्या दुकानात त्यांनाच सुटे लागतात. फक्त एक लक्षात घ्या, पतसंस्था किंवा सोसायटी म्हणजे बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचे नाण्याबद्दलचे हे नियम तिला लागू नाहीत, तिनं नको म्हटलं तर तक्रार करायला रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपयोगाचा नाही. तिथं ओळखीवर चालतं.

राहिलेले साडेनऊ हजार बाजारात. यात काकू स्वतः पुढं झाल्या. गावातलं किराणा, डेअरी, बेकरी, आणि खानापूर बाजूला जत्रेत खेळणी-बांगड्या मांडणारा एक ओळखीचा, त्यांना पाचशे-पाचशेच्या पिशव्या, शंभराला शंभर, कमिशन नाही. डेअरीवाला एक पिशवी काट्यावर ठेवून म्हणाला, "काकू, मोजायचं काय करुलालाय, तुमची म्हटल्यावर बरोबरच असणार." दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी गिरणीत येऊन विचारायला लागलं की पाचाची आहेत का अजून. आधीचा तो शंभराला नव्वदवालाही आला, काकूंनी त्याला पूर्ण भावानं घेतोस तर घे म्हटलं, आणि त्यानं घेतली.

मोटर मात्र चिल्लर संपेपर्यंत थांबू शकत नव्हती. गिरणी बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीला लागतं आणि परत येत नाही. म्हणून बँकेतली पहिली खेप जमा झाल्यावर, मोजलेली रक्कम सगळ्यांसमोर असल्यामुळं, गटानं काकूंना बाकीचं कर्ज दिलं आणि जसे पैसे मोकळे झाले तसे त्यांनी ते फेडले. मोजणीचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो, डब्यात किती आहे माहीत नसतं तोवर त्यावर कोण उधार देत नाही.

बँकेनं नाहीच घेतलं असतं तर काय, हे बऱ्याच जणी विचारतात. तर लेखी तक्रार शाखेत द्यायची, पोचेची प्रत ठेवायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही, माहितीला १४४४८ हा नंबर आहे.

नंदगड बाजूच्या एका गिरणीवाल्या अण्णांनी हे ऐकून मला फोन केला, त्यांच्याकडं यापेक्षा जास्त आहे पण खातं फक्त सोसायटीत. त्यांना सांगितलं की आधी कुठल्याही बँकेत बेसिक सेव्हिंग खातं काढा, त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि शाखेत रोख भरायला चार्ज नाही, महिन्यात किती वेळा भरायचं यालाही मर्यादा नाही. पूर्ण केवायसी देऊन काढा, अर्धवट कागदांवरच्या छोट्या खात्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. तोवर नाणी वेगळी करायला घ्या, आणि एक रुपयाचे तीन ढीग करायला विसरू नका.